छोट्या प्रवासी ट्रेलरचा ग्राउंड क्लिअरन्स

ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे वाहनाच्या तळाचा सर्वांत खालचा भाग आणि रस्त्याचा पृष्ठभाग यांमधील मोकळी उंची होय. मोटारीच्या मागे जोडून नेल्या जाणाऱ्या, झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या छोट्या प्रवासी ट्रेलरच्या बाबतीत ही उंची विशेष महत्त्वाची ठरते. असे बहुतेक ट्रेलर डांबरी महामार्गांसाठी बांधलेले असतात. त्यांचा तळ मुद्दाम बुटका ठेवलेला असतो आणि शेपटीकडचा भाग चाकांच्या बराच मागे गेलेला असतो. त्यामुळे कच्चा रस्ता, ओढ्याचा उतार, एवढेच नव्हे तर घराच्या प्रवेशद्वारातील चढावर सुद्धा ट्रेलरचा तळ घासतो.

ही उंची वाढवण्याच्या अनेक पद्धती प्रचलित आहेत. लोंबणारे नळ वर घेण्यापासून संपूर्ण ॲक्सल बदलण्यापर्यंत त्यांची व्याप्ती आहे. मात्र तळ जितका वर जातो तितका ट्रेलरचा गुरुत्वमध्यही वर जातो आणि वळणावरील स्थैर्य कमी होते. म्हणूनच नेमका कोणता भाग, कोठे आणि का घासतो हे ठरवणे हा या कामाचा पहिला व सर्वांत महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

## संकल्पना आणि मोजमाप

ग्राउंड क्लिअरन्स हा एकच आकडा म्हणून सांगितला जात असला, तरी एका ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये तीन वेगवेगळ्या मापांचा विचार करावा लागतो.

ॲक्सलखालील उंची: दोन चाकांना जोडणाऱ्या नळीच्या किंवा तिला लागून असलेल्या पट्ट्यांच्या खालची मोकळी जागा. चाकोरीमधील उंचवटा किंवा दगड यांचा संबंध या मापाशी असतो.

पोटाखालील उंची: सांगाडा, सांडपाण्याच्या टाक्या, गॅसची नळी, पायरी इत्यादींच्या खालची मोकळी जागा.

निर्गमन कोन: चाक जमिनीला टेकते त्या बिंदूपासून शेपटीच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत काढलेली रेषा जमिनीशी जो कोन करते तो. मोटार चढ चढू लागली किंवा चाके खळग्यात उतरली की शेपटी घासेल की नाही, हे या कोनावर अवलंबून असते.

या तीन मापांपैकी प्रत्येकावर होणारा उपाय निराळा असतो. एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. एका ट्रेलरची शेपटी चाकाच्या टेकण्याच्या बिंदूपासून १८० सेंमी मागे आहे आणि मागचा बंपर जमिनीपासून ३६ सेंमी उंच आहे असे मानू. ढोबळमानाने त्याचा निर्गमन कोन सुमारे ११.३ अंश, म्हणजे पाचास एक चढाइतका येतो. परंतु त्याच बंपरखाली सांडपाण्याचा नळ ९ सेंमी लोंबत असेल, तर प्रत्यक्ष उंची २७ सेंमी राहते आणि कोन सुमारे ८.५ अंशांवर येतो. हा नळ बंपरच्या पातळीत वर घेतला, तर कोन पुन्हा ११.३ अंश होतो. नळ तसाच ठेवून संपूर्ण ट्रेलर ९ सेंमी उचलला, तरीही कोन तेवढाच होतो. पहिल्या उपायात गुरुत्वमध्य जागच्या जागी राहतो, दुसऱ्यात तो ९ सेंमी वर जातो.

मोजमाप सपाट जागेवर, टायरमध्ये योग्य हवा भरून आणि पाणी, अन्न व सामान यांसह ट्रेलर पूर्ण भरलेला असताना घेतले जाते. रिकाम्या ट्रेलरवर घेतलेले माप प्रवासातील मापापेक्षा अधिक येते. ट्रेलर मोटारीला जोडलेला व समपातळीत असणेही आवश्यक असते. पुढची बाजू थोडी जरी वर असेल, तरी शेपटी खाली जाते आणि निर्गमन कोन कमी भरतो.

## पार्श्वभूमी

अमेरिकेत छोट्या प्रवासी ट्रेलरचा प्रसार १९३० च्या दशकात झाला. अश्रूच्या थेंबाच्या आकाराचे, दोन माणसांपुरते ‘टियरड्रॉप’ ट्रेलर याच काळातील होत. दुसऱ्या महायुद्धात जीपच्या मागे जोडण्यासाठी पाव टनाचा एक सैनिकी ट्रेलर तयार करण्यात आला. जीप जेथून जाईल तेथून ट्रेलरही जावा, या हेतूने त्याला जीपच्याच मापाचे टायर व चाकांमधील तेवढेच अंतर देण्यात आले होते. युद्धानंतर हे ट्रेलर नागरी बाजारात आले. आजच्या आडवाटेवरील ट्रेलरच्या बांधणीत हेच तत्त्व पाळले जाते.

कॅनडातील विनिपेग येथे १९६८ मध्ये ‘बोलर’ हा तेरा फुटी फायबरग्लासचा ट्रेलर तयार झाला. पुढे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ‘स्कॅम्प’ आणि टेक्सासमध्ये ‘कसिटा’ हे त्याच घडणीचे ट्रेलर बनू लागले. हलके असल्याने ते लहान मोटारीमागेही ओढता येतात. हवेचा विरोध कमी व्हावा आणि आत चढणे सोपे जावे म्हणून त्यांचा तळ रस्त्याच्या जवळ ठेवला जातो.

अमेरिकेत वनखात्याच्या आणि ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’च्या अखत्यारीतील विस्तीर्ण सरकारी जमिनींवर, आखीव तळांच्या बाहेरही ठरावीक दिवस मुक्काम करता येतो. अशा जागी जाणारे रस्ते बहुधा कच्चे असतात. त्यामुळे महामार्गासाठी बांधलेल्या ट्रेलरची उंची वाढवून घेण्याची गरज तेथील मालकांना भासते.

## उंची कमी होण्याची कारणे

नवीन असताना पुरेशी उंची असलेला ट्रेलरही कालांतराने खाली बसतो. त्याची मुख्य कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

* रबर थकणे: अनेक छोट्या ट्रेलरमध्ये रबरी टॉर्शन ॲक्सल असतो. त्यात चौकोनी पोलादी नळीच्या आत दुसरा दांडा असतो आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत रबराचे लांब तुकडे दाबून बसवलेले असतात. चाक वर उचलले गेले की आतील दांडा फिरतो, रबर दाबले जाते आणि धक्का शोषला जातो. वर्षानुवर्षे भार पेलून हे रबर कडक होते व दबलेल्या स्थितीतच राहते. चाकाला धरणारा भुज आडवा होतो किंवा वरच्या बाजूस कलतो. असे रबर दुरुस्त करता येत नाही, संपूर्ण ॲक्सल बदलावा लागतो.
* कमानपाट्यांची कमान उतरणे: सतत अधिक भार वाहिल्याने पोलादी पाटे सपाट होत जातात.
* वाढीव सामान: वातानुकूलन यंत्र, जादा बॅटऱ्या, मागे टांगलेल्या सायकली यांमुळे ट्रेलर खाली दबतो.

यावरून हे लक्षात येते, की प्रत्येक बुटक्या ट्रेलरला ‘उचलण्याची’ गरज नसते. थकलेला ॲक्सल बदलून मूळ मापाचा बसवला किंवा अनावश्यक वजन उतरवले, तरी हरवलेली उंची परत मिळते आणि ट्रेलर निर्मात्याने योजलेल्या स्थितीत राहतो.

## उंची वाढवण्याच्या पद्धती

### लोंबणाऱ्या भागांची फेररचना

तळाशी सर्वांत खाली आलेला भाग बहुधा सांगाडा नसून त्याला मागाहून लावलेली एखादी वस्तू असते. सांडपाण्याचा नळ, त्याची झडप, घडीची पायरी, ट्रेलर उभा असताना कोपऱ्यांना आधार देणारे जॅक आणि पुढील चाकाचा जॅक ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. हे भाग वर घेणे, आडवे वळवणे किंवा सुटे करून प्रवासात काढून ठेवणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. सांडपाण्याच्या नळाला मात्र टाकीकडून बाहेरच्या दिशेने उतार राहणे आवश्यक असते. जे भाग हलवता येत नाहीत त्यांच्याखाली पोलादी पत्रा लावतात. शेपटीच्या दोन्ही टोकांना लहान पोलादी चाके बसवण्याचीही पद्धत आहे. शेपटी टेकलीच तर ती घासण्याऐवजी त्या चाकांवरून सरकते.

### मोठे टायर

टायरचा व्यास जितका वाढतो त्याच्या निम्म्याने ट्रेलर उंच होतो. ॲक्सलची नळी चाकाच्या मध्याला बांधलेली असते, तेथे तिच्याखालील उंची वाढवणारा हा मुख्य उपाय आहे. उदाहरणार्थ, १८५/८०-१३ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६२६ मिमी, तर २०५/७५-१५ या मापाचा सुमारे ६८८ मिमी येतो. हा बदल केल्यास उंची सुमारे ३१ मिमी वाढते.

या पद्धतीला चाकावरील कोनाड्याची मर्यादा असते. खड्ड्यात चाक पूर्ण वर गेले तरी टायर वरच्या पत्र्याला किंवा बाजूच्या भिंतीला घासता कामा नये. नव्या टायरची भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी नसावी आणि रिमच्या बोल्टची मांडणी जुळावी लागते. शिवाय ब्रेकचे ड्रम तेच राहत असल्याने, मोठ्या चाकामुळे रस्त्यावर मिळणारा रोध त्रिज्येच्या प्रमाणात घटतो. वरील उदाहरणात ही घट सुमारे नऊ टक्के आहे.

### कमानपाट्यांची जागा बदलणे

कमानपाटे असलेल्या बुटक्या ट्रेलरमध्ये पाटे बहुधा ॲक्सलच्या खालून गेलेले असतात. ते ॲक्सलच्या वर घेतले की सांगाडा वर उचलला जातो. मिळणारी वाढ साधारणपणे ॲक्सलच्या नळीचा व्यास, पाट्यांच्या चळतीची जाडी आणि बैठकींची उंची यांच्या बेरजेएवढी असते. सुमारे १,६०० किलोग्रॅम क्षमतेच्या ॲक्सलवर ती बहुधा १० ते १३ सेंमी भरते.

या पद्धतीला अमेरिकेत ‘ॲक्सल उलटवणे’ असे म्हणतात, परंतु हे नाव दिशाभूल करणारे आहे. ॲक्सल प्रत्यक्षात उलटा करायचा नसतो. ट्रेलरच्या नळीला मध्यभागी वरच्या बाजूस किंचित बाक दिलेला असतो. पूर्ण भार आल्यावर तो बाक सरळ होतो आणि चाके उभी राहतात. ॲक्सल उलटा बसवल्यास बाक खाली येतो, भाराने तो आणखी वाढतो, चाकांचे माथे आत कलतात आणि टायरची आतील कड झपाट्याने झिजते. इलेक्ट्रिक ब्रेकच्या आतील नाळांची मांडणीही पुढची मागे होते आणि ब्रेक दुबळा पडतो. योग्य पद्धतीत ॲक्सल आहे त्याच स्थितीत ठेवून नळीच्या वरच्या बाजूस नव्या बैठकी वेल्डिंगने जोडतात किंवा त्यासाठी मिळणारा बोल्टचा संच वापरतात. जुने यू-बोल्ट ताणले गेलेले असल्याने ते पुन्हा न वापरता नवे बसवले जातात.

या बदलाने पोट व शेपटी वर जाते. ॲक्सलची नळी मात्र जमिनीपासून पूर्वीइतक्याच उंचीवर राहते, कारण चाकांचा मध्य हललेला नसतो.

### टॉर्शन ॲक्सलमधील बदल

रबरी टॉर्शन ॲक्सल असलेल्या ट्रेलरमध्ये दोन मार्ग उपलब्ध असतात.

पहिल्यात ॲक्सलची कंस-पट्टी आणि सांगाडा यांच्यामध्ये पोलादी ठोकळा किंवा चौकोनी नळी घालतात. साधारण ५ ते ८ सेंमी वाढ मिळते. काम तुलनेने सोपे असले, तरी वळणावर चाकांवर येणारा आडवा जोर आता अधिक लांबीच्या भुजेने सांगाड्यावर पडतो. त्यामुळे ठोकळा आडव्या दिशेने भक्कम असावा लागतो आणि पातळ पत्र्याच्या सांगाड्याला आतून आधार द्यावा लागतो.

दुसऱ्या मार्गात भुजाचा प्रारंभकोन निराळा असलेला नवा ॲक्सल बसवतात. भुजाची लांबी ६ इंच, म्हणजे सुमारे १५ सेंमी असेल, तर आडव्या भुजाऐवजी २२.५ अंश खाली कललेला भुज घेतल्यास उंची सुमारे ५.८ सेंमी आणि ४५ अंशांचा घेतल्यास सुमारे १०.८ सेंमी वाढते. या मार्गात ॲक्सलची नळीही सांगाड्याबरोबर वर जाते, हा त्याचा मोठा लाभ होय. मात्र भुज खाली कलला की चाक पुढच्या बाजूस सरकते. ४५ अंशांच्या बाबतीत हे सरकणे सुमारे ४.५ सेंमी भरते. चाक पुढे गेल्याने ट्रेलरच्या जोडणीवर पडणारा भार कमी होतो. तो टिकवण्यासाठी ॲक्सलचे कंस तेवढेच मागे घ्यावे लागतात.

टॉर्शन ॲक्सलच्या नळीवर वेल्डिंग करणे निषिद्ध मानले जाते, कारण उष्णतेने आतील रबर निकामी होते.

### सरळ ॲक्सल बसवणे

काही ट्रेलरमध्ये तळ खाली आणण्यासाठी टोके वर वळवलेला ॲक्सल वापरलेला असतो. त्याच्या जागी सरळ ॲक्सल बसवला की वळणाच्या मापाएवढी, साधारण १० सेंमी वाढ मिळते. पाट्यांची मूळ मांडणी बदलावी लागत नाही.

### तुलना

| पद्धत | साधारण वाढ | ॲक्सलखालील उंची | गुरुत्वमध्य |
|---|---|---|---|
| लोंबणारे भाग वर घेणे | त्या भागापुरती | बदलत नाही | बदलत नाही |
| मोठे टायर | २ ते ३ सेंमी | वाढते | तेवढाच वर |
| पाटे ॲक्सलच्या वर घेणे | १० ते १३ सेंमी | नळीची उंची तीच | तेवढाच वर |
| टॉर्शन ॲक्सलवर ठोकळा | ५ ते ८ सेंमी | बदलत नाही | तेवढाच वर |
| निराळ्या कोनाचा टॉर्शन ॲक्सल | ५ ते ११ सेंमी | वाढते | तेवढाच वर |
| सरळ ॲक्सल | सुमारे १० सेंमी | नळी मध्यभागी वर जाते | तेवढाच वर |

## परिणाम आणि मर्यादा

### स्थैर्य

वळणावर वाहन कलंडण्यास किती आडवे त्वरण लागते याचा ढोबळ अंदाज चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागून मिळतो. चाकांमध्ये १७० सेंमी अंतर आणि गुरुत्वमध्य ८५ सेंमी उंच असेल, तर उत्तर गुरुत्वत्वरणाच्या १ पट येते. ट्रेलर १० सेंमी उचलल्यास ते सुमारे ०.९ पट होते. याचा अर्थ त्याच वळणावर कलंडण्याचा वेग सुमारे पाच टक्क्यांनी खाली येतो. टायर व स्प्रिंग दबत असल्याने प्रत्यक्षातील मर्यादा या गणितापेक्षाही कमी असते. बाजूचा वारा आणि शेजारून जाणारे अवजड ट्रक यांचा परिणामही उंच ट्रेलरवर अधिक होतो. यासाठी पाण्याच्या टाक्या, बॅटऱ्या, डबे अशा जड वस्तू तळाशी व ॲक्सलच्या जवळ ठेवणे हितकारक असते.

### जोडणीची पातळी

ट्रेलर उचलला की त्याची पुढची दांडीही वर जाते. मोटारीमागील गोळा पूर्वीच्याच उंचीवर राहिला, तर ट्रेलर नाकावर झुकतो आणि पुढील जॅक घासू लागतो. म्हणून गोळ्याची बैठक तेवढीच उंच केली जाते. गोळा प्रमाणाबाहेर उंच झाल्यास ट्रेलर मागे कलतो, जोडणीवरील भार घटतो आणि ट्रेलर शेपटीसारखा डोलण्याची शक्यता वाढते. उत्तर अमेरिकेत जोडणीवरील भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवण्याचा प्रघात आहे.

### दैनंदिन वापर

दाराची पायरी उंच होते आणि वृद्ध व लहान मुले यांच्यासाठी जादा पायरी लागते. कोपऱ्यांचे जॅक जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत, त्यांच्याखाली लाकडी ठोकळे ठेवावे लागतात. छतावरील झरोका किंवा वातानुकूलन यंत्र धरून एकूण उंची वाढत असल्याने गॅरेजचे दार आणि झाडांच्या फांद्या यांचाही विचार करावा लागतो.

## काम झाल्यानंतरची तपासणी

ॲक्सल सरळ बसला आहे की नाही हे पाहण्यासाठी पुढच्या जोडणीच्या मध्यापासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर मोजले जाते. दोन्ही मापे समान नसतील, तर ट्रेलर तिरका ओढला जातो आणि टायर झिजतात. ब्रेकच्या तारा नव्या उंचीवर ताणल्या जात नाहीत ना आणि चाक पूर्ण वर गेल्यावर काही घासत नाही ना, हे पाहिले जाते. यू-बोल्ट व चाकांचे नट थोड्या प्रवासानंतर पुन्हा ठरावीक जोराने आवळले जातात. शेवटी भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन एकूण वजन व जोडणीवरील भार मोजतात. उंची वाढल्याने ॲक्सलची किंवा सांगाड्याची भारक्षमता वाढत नाही. सांगाड्यावरील किंवा ॲक्सलवरील वेल्डिंग तुटल्यास चाकच निखळू शकते, त्यामुळे हे काम प्रशिक्षित कारागिराकडून करून घेणे आवश्यक समजले जाते.

## भारतातील स्थिती

भारतात ओढून नेण्याच्या प्रवासी ट्रेलरची संख्या अल्प आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर या विषयाकडे लक्ष वेधले गेले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील ‘मोटार वाहन’ या संज्ञेत ट्रेलरचाही समावेश होतो. त्याच अधिनियमाच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. त्यामुळे ॲक्सल किंवा टायरचे माप बदलण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे चौकशी करणे गरजेचे ठरते.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंमी उंच व ३.७ मीटर रुंद असावा. असा गतिरोधक सामान्य उंचीच्या ट्रेलरला अडवत नाही. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी अरुंद व उभे गतिरोधक आढळतात आणि त्यांवर पोटाखालील लोंबणारे भागच प्रथम आपटतात. म्हणून येथेही ट्रेलर उचलण्याआधी त्या भागांची फेररचना करण्याचा मार्ग अधिक सोपा ठरतो.

## हेसुद्धा पहा

* कॅराव्हॅन
* कमानपाटे
* गुरुत्वमध्य
* निलंबन प्रणाली